दीड फुटाचा टावर

लोणारला उल्का पडली त्याला नेमकी किती हजार वर्षं झाली यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. पण ती पडली, यावर आहे. प्रेमानंद सरांच्या घरात मात्र ती दिवाळीपासून पडत होती आणि उन्हाळा लागला तरी जमिनीला टेकली नव्हती.

सर हायस्कूलात चित्रकला शिकवत. म्हणजे वेळापत्रकात चित्रकला असायची. प्रत्यक्षात तासाची घंटा झाली की गणिताचे सर दारात यायचे, 'पोर्शन राह्यला हो सर' म्हणायचे, आणि प्रेमानंद सर खडूची पेटी उचलून स्टाफरूममध्ये आभाळ बघत बसायचे. आता माणूस सतत आभाळ बघत बसला की त्याला काहीतरी सुचणारच. सरांना उल्का सुचली. जन्म गेला त्या विवराच्या काठावर. कुठून कुठून पाहुणे येतात, खाली वाकून बघतात, 'कैसे गिरा होगा?' विचारतात, आणि आपण हात वरून खाली आपटून सांगतो, 'ऐसे! धडाम!' बस. इतक्या मोठ्या गोष्टीला इतकाच हात! सरांना ती पडताना एकदा बघायची होती. डोळ्यांनी, वरपासून खालपर्यंत. ही इच्छा त्यांनी चारचौघांत कधी बोलून दाखवली नव्हती, कारण चारचौघांत अशा इच्छेला खूळ म्हणतात.

मोबाइलवर बघून बघून सर कंप्युटरवर चलचित्र करायला शिकले. काळ्या दगडाचं सपाट रान केलं, चार बाभळी लावल्या, वर आभाळ, आभाळात उल्का. काम सगळं बारा सेकंदांचं. पण त्यातलं एकेक चित्र रंगवून बाहेर काढायला सरांच्या कंप्युटरला अर्धा दिवस लागायचा. कंप्युटर मनाने सज्जन होता हो, पण वय झालेलं. मध्येच तापून बंद पडायचा. म्हणून घरातला एकुलता एक कुलर सरांनी त्याच्याकडे वळवला होता, आणि सौ. महामायाबाई, ज्या दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर पब्लिक सांभाळून घरी यायच्या, त्या वर्तमानपत्राने वारा घेत बसायच्या. असे संसार मोडत का नाहीत, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

अशातच सरांना मोबाइलवर ते मशीन दिसलं.

कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना परवडतं त्यांना माहीत असतं. सिनेमावाल्यांसाठी केलेला कंप्युटर. चकचकीत धातूचा, दीड फूट उंच, वर धरायला दोन कड्या, आणि समोरून सगळी गोल गोल भोकं. व्हिडिओतला माणूस दोन बोटांनी कडी फिरवतो आणि अख्खं कवच अलगद वर येतं. सर ते जेवताना बघत, शाळेत बघत, आवाज बंद करून बघत. लग्नाआधी माझा फोटो आला होता तोसुद्धा इतक्या वेळा पाहिला नसेल, असं महामायाबाई म्हणतात. सर त्यावर व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावतात.

"आहो, मघापासून हे किसनी काय पाहून राह्यले?" एकदा त्यांनी विचारलंच.

"किसनी नाई थे. कंप्युटर आहे. त्या भोकातून हवा खेळते, म्हनून तापत नाई."

"म्हंजे मंग कुलर माह्याकडं फिरन?"

इतका चांगला प्रश्न सरांच्या योजनेला आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांना भरून आलं. आणि भरून आल्याच्या भरात त्यांनी किंमत सांगितली. संसारी माणसाने हे कधी करू नये.

महामायाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि खोबऱ्याची किसणी घेऊन आल्या. "हे घ्या. आठवडी बाजारातली. हिच्यातूनही हवा जाते."

"माया, तुले डिझाइन नाई समजून राह्यलं."

"समजलं. पन इतक्या पैशात निदान खाली चाकं त असतीन? झाडून काढाच्या वख्ताले सरकवाले?"

सर जरा घुटमळले. "चाकं वेगळी घ्या लागतात."

"वेगळी? कितीले?"

सरांनी चाकांची किंमत सांगितली.

"आवं माय!" महामायाबाई खालीच बसल्या. "इतक्यात त सेकंडहँड स्कुटी येते. चाकं धरून!"

घरात कदर नाही म्हटल्यावर माणूस मित्राकडे जातो. सरांचा मित्र गुलाबराव. बसस्टँडजवळ त्याचा टायपिंगचा आणि कंप्युटरचा क्लास होता, त्यामुळे या विषयात आपला शब्द शेवटचा असं तो धरून चालायचा. चहाच्या टपरीवर सरांनी त्याला व्हिडिओ दाखवला. गुलाबरावने तो, सोयऱ्याने दाखवलेली जमीन बघावी तसा, खोट काढायच्या बेताने बघितला.

"डबा कशाले पाह्यते बे? आतलं पाह्य. असाच्या असा मी तुले जुळवून देतो, अकोल्याहून माल आनून. चवथ्या हिश्शात. वरून लाइट लागतीन त्याले. लाल, हिरवे, निळे."

"मले लाइट नाई पाह्यजेत."

"फुकट राह्यतात बे!"

"फुकट असले तरी नाई पाह्यजेत. हे कडी पाह्य, गुलाब. पाह्यलं की धरावं वाटते."

"बादलीलेही कडी राह्यते. काऊन नाई धरत?"

सर फार शांत गृहस्थ, पण ही बादली त्यांच्या जिव्हारी लागली. ते टपरीवर उभे राहिले आणि चहावाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी टावरच घेईन! प्रोफेशनल टावर! माह्या घरात बसवीन, कोनाच्या बापाले भीत नाई!"

नेमके तेव्हाच भगवानराव भाजीची पिशवी घेऊन टपरीवरून चालले होते.

भगवानराव म्हणजे सरांच्या घरामागचे शेजारी. महसूल खात्यातून रिटायर झालेले, आणि खात्याने सोडलं तरी गल्लीच्या कल्याणाचा चार्ज त्यांनी सोडला नव्हता. आता गुलाबरावच्या क्लासात टावर म्हणजे कंप्युटरचा उभा डबा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भगवानरावांच्या चार दशकांच्या नोकरीत टावर म्हणजे एकच: मोबाइलचा. लोखंडी, लाल दिव्याचा. ते त्याच संध्याकाळी सरांच्या अंगणात आले.

"सर, टावर बसवून राह्यले म्हंते तुमी?"

सरांना बरं वाटलं. माणूस आपणहून विचारायला आला होता. "विचार त आहे."

"कंपनी बरी आहे?"

"जगात एक नंबर."

"अन् रक्कम?"

सरांनी सांगितली. ही रक्कम कंपनी सरांना देणार, असं समजून भगवानरावांचा आवाज एकदम खाली आला. "वर्साची?"

"नाई, एकदाच."

"हं. उंची?"

"दीड फूट."

हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे, याची भगवानरावांना खात्री पटली. "दीड फुटाच्या टावरले एवढे पैसे?"

"डिझाइनचे आहेत ना. हवा समोरून घेते, अन् तापलेली मागून सोडते."

"मागून म्हंजे? आमच्या घराकडं?"

"तुमच्या भिंतीकडं, हो. पन तुमाले काई तरास नाई व्हनार. दिसनार नाई, आवाज बी येनार नाई."

"जे दिसत नाई अन् ऐकू येत नाई, थेच वंगाळ राह्यते, सर," भगवानराव म्हणाले आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत दोन तट पडले. टावरने चिमण्या मरतात, डोकं दुखतं, असं निम्मी गल्ली म्हणू लागली. उरलेली निम्मी म्हणत होती की सरांनाच का, आमच्या गच्चीत काय खोट आहे? भगवानरावांच्या रुखमाबाईंनी दर उन्हाळ्यात यायच्या त्या ज्वारीच्या पापड्या पाठवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने रस्त्यात सरांना थांबवून हात जोडले, "आमच्याकडं बी थोडी रेंज येऊ द्या." सरांना याचा अर्थ लागला नाही, पण एका चित्रकला शिक्षकाच्या कंप्युटरबद्दल अख्खं गाव बोलतंय, हे बघून त्यांचा ऊर भरून येत होता. आपल्या लोकांना कलेची चाड नाही असं आपण उगीच समजत होतो, असं ते महामायाबाईंना म्हणालेसुद्धा.

मग कचेरीतून नोटीस आली. 'आपण आपल्या राहत्या घरी विनापरवाना टॉवर उभारत असल्याबाबत नागरिकांची तक्रार प्राप्त झाली असून, सदर टॉवर तात्काळ काढून टाकावा व तसे लेखी कळवावे.'

सर नोटीस घेऊन कचेरीत गेले. टेबलामागच्या साहेबांनी ती वाचून परत दिली.

"काढला का?"

"साहेब, घेतलाच नाई अजून."

"मंग काढल्याचा अर्ज द्या. सोबत फोटो जोडा. काढायच्या आधीचा एक, नंतरचा एक."

"जे नाईच, त्याचा आधीचा फोटो कुठून आनू?"

"थे तुमचं तुमी पाह्या. तुमी त ड्राइंगचे सर आहे ना?"

एवढं मात्र सरांना सहन झालं नाही. टावर नाही मिळाला एक वेळ चालेल, पण न मिळालेल्या टावरचा आळ अंगावर? त्यांनी ठणकावून सांगितलं, "या साहेब, घरी या. स्थळपाहनी करा. सगळ्या गल्लीसमोर करा."

पाहणीच्या दिवशी गल्लीतलं कोणी कामाला गेलं नाही. साहेब गच्चीवर चढले. तिथे पाण्याची टाकी होती आणि वाळत घातलेल्या कुरडया. साहेब उतरले. "टावर कुठं आहे?"

सरांनी मोबाइल पुढे केला. साहेबांनी बघितलं, भगवानरावांनी बघितलं, रुखमाबाईंनी चष्मा लावून बघितलं.

"अवं, हे त किसनी आहे!" रुखमाबाई म्हणाल्या.

महामायाबाईंनी सरांकडे बघितलं आणि पदराने तोंड झाकलं.

"मंग टावर काऊन म्हने तुमी?" भगवानराव भडकले. माणूस चुकला की आधी भडकतो, हा नियमच आहे. "दीड फुटाले कोनी टावर म्हंते?"

"त्याले टावरच म्हंतात, भाऊ! सगळं जग म्हंते!" गुलाबराव मध्ये पडला.

साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, 'टॉवर आढळून आला नाही. किसणीसदृश वस्तूचे चित्र आढळले.' सह्या झाल्या, साहेब गेले. पण गल्ली जाईना. एवढा दिवस मोडून आलेल्या माणसांना काहीतरी बघितल्याशिवाय घरी कसं जाववेल? "पन हे तुमाले पाह्यजे कशाले?" कोणीतरी विचारलं.

सरांनी कंप्युटर लावला. काळं रान, चार बाभळी आणि आभाळात मधोमध, तांबडी, धगधगती, थांबलेली उल्का.

मग भगवानराव पुढे वाकले. "हे कोन्तं गाव?"

"आपलंच. लोनार."

"मंग तळं कुठं आहे?"

"उल्का अजून पडलीच नाई, भाऊ. तळं कुठून असन?"

हे सगळ्यांना एकदम पटलं आणि कुठेतरी लागलंही. ज्या तळ्याच्या काठी आपण जन्मलो, लग्नं केली, पाहुण्यांना मिरवलं, ते अजून झालेलंच नाही, आणि ते या सरांच्या कंप्युटरमध्ये अडकून बसलंय!

"बिचारी कवाची लटकून राह्यली," रुखमाबाई म्हणाल्या.

"पाडा ना मंग, सर."

"पडत नाई. या कंप्युटरात जीव नाई उरला. म्हनून त थे मशीन…" सरांनी उगीच माउस पुसला.

गुलाबरावने मोठेपणाने खुलासा केला की मोठे स्टुडिओसुद्धा असलं काम एका मशीनवर करत नाहीत. शे-दोनशे कंप्युटर लावतात, त्याला रेंडर फार्म म्हणतात. आता कोपऱ्यातल्या बाजेवर सरांचे वडील पुंजाजी पहुडले होते. देऊळगावच्या रस्त्याला त्यांची चार एकर, आणि ऐकायला जरा कमी. एवढ्या भाषणातला एकच शब्द त्यांच्या कानात शिरला.

"कोनाचं शेत?"

"शेत नाई, बाबा. कंप्युटरचं फार्म."

"फार्म म्हंजे शेतच ना बे? अन् एकट्याच्यानं होऊन नाई राह्यलं?"

"हो, पन बाबा…"

"मंग सावड करा! त्याचे बैल, ह्याचे बैल. आज समदे तुह्या वावरात, उद्या समदे माह्या. साधी गोष्ट समजत नाई, अन् मास्तर झाले."

गल्ली पोट धरून हसली. पुंजाजी चिडून भिंतीकडे तोंड करून झोपले. हसत नव्हता तो एकटा गुलाबराव. तो डोकं खाजवत म्हणाला, "पेमानंद, माह्या क्लासाले सुट्या आहेत. सगळे कंप्युटर झोपूनच आहेत बे."

आणि सावड लागली. फोटो स्टुडिओवाल्याने आपलं मशीन दिलं. त्या पंधरवड्यात लग्नाची तिथी नव्हती, ते मोकळंच होतं. भगवानरावांनी पुण्याच्या मुलाचा लॅपटॉप आणला, वर मुकादमीही स्वतःकडे घेतली; माफीचा शब्द मात्र काढला नाही. शेतात निंदायला बायांना एकेक पात, म्हणजे ओळींचा पट्टा, वाटून देतात, तशी प्रत्येक कंप्युटरला चित्रांची पात मिळाली. "क्लासातली पात मागं राह्यली! लॅपटॉप निघाला पाह्य पुढं!" असं भगवानराव गल्लीतून ओरडत फिरायचे. स्टुडिओच्या मशीनमधून आलेल्या चित्रांत बाभळीच नव्हत्या. उल्का बघून त्या पळाल्या असाव्यात, असं गल्लीने ठरवलं. आणि रुखमाबाईंनी पापड्या पाठवल्या, डबल.

सगळा गाव राबत होता, आणि सर एकटेच उदास होत होते. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. जसजशी चित्रं जमत गेली, तसतशी ती उल्का खाली येत गेली आणि ते चकचकीत मशीन दूर दूर गेलं. आता ते मागायचं तरी कशाच्या नावाने? लोकांनी मदत करून करून सरांचं कारणच काढून घेतलं होतं. पहाटे उठून सर तो व्हिडिओ एकदा बघायचे. दोन बोटं, कडी, आणि वर येणारं कवच. मग मोबाइल उशाखाली ठेवून द्यायचे आणि महामायाबाईंना चहा टाकायचे.

उल्का दाखवायची ठरली ती भगवानरावांच्या मागच्या भिंतीवर, दिवेलागणीला. क्लासातला प्रोजेक्टर आला. सतरंज्या पडल्या. लाइट सरांच्या घरातून घेतली, आणि सगळं जुळल्यावर प्रोजेक्टर भप्पकन विझला. सर आत धावले. भिंतीतला प्लग सैल झाला होता. सरांनी तो अंगठ्याने दाबून धरला, तशी बाहेर आरोळी उठली, "आली, आली!"

"कोनी तरी इकडं या रे!" सर ओरडले. "प्लग धरा!"

"सर, हालू नोका!" बाहेरून गुलाबराव ओरडला. "तसंच धरून राह्या! सुरू केलं!"

अंगठा सोडावा तर उल्का विझते. सर तसेच उभे राहिले, भिंतीला नाक लावून. बाहेर गल्ली गप्प झाली. लहान लेकरूसुद्धा रडेना. सरांनी मनात सेकंद मोजायला घेतले आणि चुकले. मग खिडकीच्या गजांमधून एकदम पांढरा उजेड आत आला, कॅलेंडर, कुलर, भिंतीवरची पाल सगळं लख्ख दिसलं, आणि बाहेर सगळ्या गल्लीच्या तोंडून एकच 'आऽऽ' निघालं. नंतर टाळ्या. नंतर "पुन्हा! पुन्हा लावा!" आणि पुन्हा लावणार, तेवढ्यात गावची लाइट गेली.

बाहेर लोक लाइटवाल्यांच्या नावाने बोटं मोडू लागले. सर अंधारात प्लग धरूनच उभे होते. थोड्या वेळाने मोबाइलचा उजेड घेऊन महामायाबाई आत आल्या.

"आहो, इथं काय करून राह्यले? बाहेर लोक हार घेऊन उभे आहेत."

"प्लग धरून होतो."

त्यांनी उजेड सरांच्या तोंडावर धरला, मग खाली केला. "म्हंजे तुमी पाह्यलीच नाई?"

"नाई."

महामायाबाईंनी सरांचा अंगठा प्लगवरून सोडवला, त्यांना बाजेवर बसवलं आणि शेजारी बसल्या. वर्तमानपत्र घेऊन वारा घालू लागल्या, या वेळी सरांना.

"येईन आता लाइट. मंग पाह्यसान."

"हो."

"दहा डाव पाह्यजा."

"हो." मग सर म्हणाले, "कशी पडली, माया?"

"कशी म्हंजे?" महामायाबाईंचा हात थांबला. "आधी त काईच नाई. आपलं नुसतं आभाळ. मंग आली तिकडून, बारीक. मले वाटलं, आता थांबन. रोज थांबल्याचीच सवय ना मले. पन नाई थांबली. येतच राह्यली, मोठी मोठी होत. मले बाई धाक पडला, हे माह्या घरात होती इतके महिने? मंग समदं पांढरं झालं. बाबा दिसले, उठून उभे राह्यलेले. रुखमाबाई दिसल्या. मी तुमचा हात धरला घट्ट, अन् पाह्यते त थो भगवानरावचा!"

"मंग?"

"मंग काय. त्याहीनं बी लवकर नाई सोडला. भेले होते बिचारे."

सर हसले. खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी तसंच राहिलं.

"अन् मंग, माया?"

"मंग धूर. लय धूर. कोनी बोले ना. अन् धूर बसला ना हळूहळू…" महामायाबाईंनी अंधारात त्यांचा हात शोधून आपल्या मांडीवर घेतला. "मंग आपलं तळं."

बाहेर गुलाबराव सरांच्या नावाने हाका मारत होता. सर उठले नाहीत.

"अजून एक डाव सांग," ते म्हणाले.

"आधी त काईच नाई," महामायाबाई म्हणाल्या. "आपलं नुसतं आभाळ."